आकाशातून नुकताच पडलेला दगड ओळखायचा कसा? आधी साल बघा, मग बाकीचं

"हा दगड अशनी आहे का हो?" असा मेसेज आणि सोबत एक धूसर फोटो, हे माझ्याकडे वरचेवर येतं आणि दरवेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच ठेवावं. मी भूशास्त्रज्ञ नाही, हौशी माणूस आहे, पण बरीच वर्षं दगड बघतोय आणि सुरुवातीला काही चुका अशा केल्यात की त्या आठवल्या तरी हळहळ वाटते. त्या तुमच्याकडून होऊ नयेत एवढीच इच्छा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आकाशात पेटत जाताना दिसते ती उल्का, ती फारच तेजस्वी असेल तर अग्निगोल, आणि त्यातून उरून जो दगड जमिनीवर पोचतो तो अशनी. इथे मी फक्त ताज्या अशनीबद्दल लिहितोय, म्हणजे पडून काही तास, दिवस किंवा फार तर काही आठवडे झालेला. शतकानुशतकं मातीत पडलेला अशनी ओळखणं हे वेगळंच आणि जास्त अवघड काम आहे. ताजा दगड त्यामानाने सोपा असतो कारण त्याची साल, म्हणजे वरचा वितळून गोठलेला पातळ थर, शाबूत असते. पण ही सोय फार दिवस टिकत नाही, एक चांगला पाऊस झाला की बरंच काही बिघडतं. कॅलिफोर्नियात २२ एप्रिल २०१२ ला सटर्स मिलचा अशनी पडला, तेव्हा पावसाच्या आधी उचललेले मोजके तुकडे आणि पावसानंतर सापडलेले तुकडे यांच्यात अभ्यासाच्या दृष्टीने मोठाच फरक पडला होता.

जवळ काय काय हवं:
- मोबाईल (कॅमेरा आणि लोकेशन चालू करून)
- १० पट मोठं दाखवणारं छोटं भिंग
- साधं सुईचं होकायंत्र
- कोरे हातमोजे
- स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइल आणि कधीच न वापरलेल्या झिपच्या पिशव्या
- छोटी मोजपट्टी, वही, पेन

बस, एवढंच. हातोडी, कानस, ॲसिड, जोरदार चुंबक यातलं काहीही घेऊन जाऊ नका, कारण जवळ असलं की वापरायचा मोह होतोच.

१. आधी आकाशाचा हिशोब लावा

ताजा अशनी म्हणजे त्याच्या आधी अग्निगोल आलेला असणारच. तो दिवसाढवळ्या, ढगांच्या वर किंवा सगळे झोपलेले असताना आला तर कुणी पाहिला नसेल, हे शक्य आहे. म्हणून पहिलं काम, त्या भागात अलीकडे कुणी तेजस्वी गोळा पाहिला का, स्फोटासारखा किंवा गडगडाटासारखा आवाज ऐकला का, याची चौकशी करा. इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनकडे लोक अशा नोंदी ऑनलाइन करतात, त्या कुणालाही बघता येतात.

आवाजाचं गणित लक्षात ठेवा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात आणि दगड फुटतो तो बहुधा कित्येक किलोमीटर उंचीवर, त्यामुळे उजेड आणि आवाज यांच्यात मिनिटभर किंवा त्याहून जास्त अंतर पडतं. रशियातल्या चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला उजेड दिसल्यावर शहरात दोन मिनिटांहून जास्त वेळाने दणका बसला आणि तोवर काय झालं ते बघायला खिडकीशी गेलेले कितीतरी लोक काचांनी जखमी झाले. तेव्हा असा लख्ख उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, हे आधी सांगून ठेवतो.

दुसरं म्हणजे "समोरच्या टेकडीमागेच पडला, मी डोळ्यांनी पाहिलं" हे जवळपास नेहमी चुकीचं निघतं. क्षितिजाजवळ दिसेनासा झालेला गोळा शंभर-दोनशे किलोमीटर लांबही असू शकतो. पण गोळा डोक्यावरून गेला, आवाज आला आणि नंतर सूं करत काहीतरी खाली आल्याचं किंवा धप्प पडल्याचं कुणी ऐकलं असेल, तर ते मनावर घ्या.

२. दगड कसा पडलाय ते बघा, हात लावायच्या आधी

इथे सिनेमातलं चित्र डोक्यातून काढून टाका. धगधगणारा गोळा, भोवती जळालेलं गवत, मोठा खड्डा, असं काही बहुतेक वेळा नसतं. वातावरणात शिरताना वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर असतो खरा, पण लहानसहान दगडांचा तो सगळा वेग वरच मोडतो, उजेड विझतो आणि मग शेवटची काही मिनिटं तो नुसता वरून टाकलेल्या दगडासारखा खाली येतो. तापलेला भाग फक्त वरचा काही मिलिमीटरचा असतो आणि वितळलेलं तर वाटेतच उडून गेलेलं असतं, आतला गाभा अवकाशातल्या थंडीतलाच. म्हणून उचलला तर तो कोमट किंवा गारच लागतो. "पडला आणि गवत पेटलं" असं कुणी सांगितलं की माझा संशय वाढतो. मोठे खड्डे अपवादानेच पडतात, पेरूमध्ये २००७ साली कारांकासला १३ मीटरच्या आसपास खड्डा पडला होता, पण तशी उदाहरणं फार थोडी.

मग बघायचं काय? दगड मातीच्या वर आहे का किंवा स्वतःच्याच मापाच्या छोट्या खळग्यात बसलाय का. खालचं गवत अजून हिरवं आहे का, पान चिरडलेलं आहे का. दगडावर शेवाळ, दगडफूल, मुळांचे धागे, कपारीत घट्ट बसलेली माती असं काही आहे का. शेवाळापासून मातीपर्यंत यातलं एक जरी असेल तरी तो दगड तिथे वर्षानुवर्षं पडलेला आहे, ताजा नाही. मला ही टेस्ट सगळ्यात जास्त आवडते कारण त्यासाठी दगडातलं काही कळावं लागत नाही, नुसती नजर लागते. फरशीवर किंवा रस्त्यावर पडला असेल तर फुटलेला असतो, आजूबाजूला फिकट राखाडी पूड आणि एकमेकांत बसणारे तुकडे दिसतात.

३. साल: इथे घाई करू नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच. खाली येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि शेवटी जो पातळ थर गोठतो त्याला फ्यूजन क्रस्ट म्हणतात, मी आपलं सालच म्हणतो. बहुतेक दगडी अशनींवर ती एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, काळी आणि मंद, चमक नसलेली, जळक्या कोळशासारखी. बोट फिरवलं तर थोडी खरबरीत लागते.

पहिल्यांदा असा खरा तुकडा माझ्या हातात आला (एका अभ्यासकाने दाखवला होता) तो लिंबाएवढा होता आणि त्याचा एक कोपरा उडालेला होता. मी अर्धा तास फक्त तो कोपराच बघत बसलो. वरचा काळा थर पोस्टकार्डाच्या जाडीएवढा, आणि त्याच्या खाली एकदम सिमेंटसारखा फिकट राखाडी दगड. काळ्यातून राखाडीत हळूहळू रंग बदलत जातोय असं काही नाही, रेघ ओढल्यासारखी हद्द. ही हद्द एकदा डोळ्यात बसली की निम्मे खोटे दगड तुम्ही लांबूनच ओळखाल, कारण पृथ्वीवरच्या दगडांवर ऊन-पावसाने जो काळपटपणा येतो तो बहुधा आत झिरपत गेलेला असतो, कपारींमधून खाली उतरतो, कुठे जाड कुठे पातळ.

आता भिंग लावा आणि सालीवर या गोष्टी शोधा. सगळ्या एका दगडावर मिळणार नाहीत, दोन मिळाल्या तरी भरपूर झालं.

बारीक भेगांचं जाळं: सुकलेल्या चिखलाला पडतात तशा, पण केसासारख्या बारीक. गरम साल झटकन गार होऊन आकसते त्यामुळे या पडतात.

ओघळ: वितळलेला दगड वाऱ्याने मागे ढकलला जातो त्याच्या अगदी बारीक रेघा, कधी एका टोकापासून चहूकडे पसरलेल्या. काही दगड न गडगडता एकाच दिशेला तोंड करून खाली येतात, त्यांचं तोंड शंकूसारखं होतं आणि मागच्या कडेवर वितळलेल्या सालीची दुमड तयार होते, शिवणीसारखी. असा दगड मिळाला तर तो खरंच भाग्याचा.

दुसरी साल: दगड हवेतच फुटला तर नव्या बाजूला भाजायला कमी वेळ मिळतो, तिथली साल आणखी पातळ, जास्त खडबडीत आणि जरा तपकिरी असते. एकाच दगडावर दोन प्रकारची साल दिसली की माझा विश्वास खूप वाढतो, कारण असं धातूच्या भट्टीतून उरणाऱ्या मळीवर (स्लॅगवर) सहसा दिसत नाही.

अंगठ्याचे ठसे: ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे, याला रेग्माग्लिप्ट म्हणतात. लोखंडी अशनींवर ते फार ठसठशीत असतात, रशियातल्या सिखोटे-अलिनला १२ फेब्रुवारी १९४७ ला पडलेले लोखंडी तुकडे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. लहान दगडी अशनींवर मात्र ते नसतातही, तेव्हा ते दिसले नाहीत म्हणून दगड बाद करू नका, आणि खळगे दिसले म्हणून लगेच नाचूही नका, पाण्याने झिजलेल्या दगडावरही खळगे असतात.

एक सापळा सांगतो. वाळवंटी आणि उघड्या माळरानावरच्या दगडांना वर्षानुवर्षांच्या उन्हा-वाऱ्याने काळी-तपकिरी झिलई चढते, ती फोटोत हुबेहूब सालीसारखी दिसते. फरक असा की तिच्यात भेगांचं जाळं नसतं, ओघळ नसतात, आणि बऱ्याचदा दगडाच्या जमिनीत रुतलेल्या बाजूला ती वेगळी दिसते. अशनीची साल सगळीकडून असते, खालूनसुद्धा, फुटला असेल तेवढी जागा सोडून.

४. फुटलेली बाजू

आपोआप फुटलेली बाजू असेल तरच बघा. नसेल तर तुम्ही फोडू नका, ही विनंती आहे.

जगात पडताना पाहिलेल्या अशनींमध्ये सगळ्यात जास्त असतात ते साधे काँड्राईट (आत बारीक गोल मणी असलेले दगडी अशनी), दहातले आठ समजा. त्यांचा आतला भाग फिकट राखाडी असतो आणि त्यात भिंगाखाली दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे चंदेरी ठिपके, हे लोखंड आणि निकेलचं मिश्रण, खऱ्या धातूसारखे चमकणारे. त्यांच्या शेजारी पितळी-कांस्य रंगाचे कण असतात तो ट्रॉइलाईट, लोखंड आणि गंधकाचं खनिज. दुसरं म्हणजे काँड्रूल, बारीक गोल मणी, बहुतेक मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. आपली ग्रहमाला तयार होत असताना अवकाशात वितळून गोठलेले हे थेंब आहेत, ४५० कोटी वर्षांहून जुने. काही दगडांत ते स्पष्ट असतात, काहींत आजूबाजूच्या दगडात विरघळून गेल्यासारखे पुसट. काही तुकड्यांत काळ्या शिरा पण दिसतात, त्या अवकाशातल्या टकरींच्या.

ओल लागली की या धातूच्या ठिपक्यांभोवती काही दिवसांतच गंजाचे केशरी डाग पडायला लागतात. म्हणजे काळीभोर साल, राखाडी पोट आणि त्यावर थोडे केशरी ठिपके हे चित्र ताज्या दगडाशी नीट जुळतं. पूर्ण तपकिरी झाला असेल तर तो ताजा नाही.

काय दिसायला नको तेही सांगतो: हवेचे बुडबुडे, पांढऱ्या गारगोटीचे दाणे, अभ्रकाचे पापुद्रे, एकावर एक थर, शिंपला किंवा जीवाश्माची नक्षी. यातलं काही असेल तर तो पृथ्वीचाच दगड किंवा माणसाने वितळवलेली वस्तू. बुडबुड्यांबद्दल फारच क्वचित अपवाद असतात, नवख्या माणसाने त्या नादी लागू नये.

५. आकार आणि हातातलं वजन

कोपरे झिजून गोलावलेले असतात पण एकूण आकार वेडावाकडाच. अगदी चेंडूसारखा गोल असेल तर तो अशनी नसण्याचीच शक्यता जास्त, लोखंडी गोळे असतील तर ते बहुतेक दगड-खनिज दळायच्या गिरणीतले असतात. वजनाचं म्हणाल तर त्याच मापाच्या साध्या दगडापेक्षा काँड्राईट थोडा जड लागतो, लोखंडी अशनी तर पाण्याच्या सात-आठ पट जड. घनता मोजायला तो पाण्यात बुडवू मात्र नका.

६. चुंबक नको, होकायंत्र घ्या

हे मी स्वतः चुकलोय म्हणून कळकळीने सांगतो. मला पहिल्यांदा एक संशयास्पद दगड मिळाला तेव्हा मी तो नळाखाली घासून धुतला, मग त्याला स्पीकरमधलं मोठं चुंबक चिकटवून सगळ्यांना दाखवत फिरलो. दगड साधाच निघाला हे नशीब. तो खरा असता तर मी त्यातली एक नोंद कायमची पुसली असती. अशनीत तो जन्मला तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची खूण राहिलेली असू शकते आणि जोरदार चुंबक नुसतं जवळ नेलं तरी ती जाते. मंगळावरून आलेला नॉर्थवेस्ट आफ्रिका ७०३४ हा फार मोलाचा दगड, त्याचे तुकडे तपासले तेव्हा हातातल्या चुंबकांनी त्यांची जुनी खूण पुसली गेल्याचं २०२३ साली अभ्यासकांनी दाखवून दिलं.

म्हणून होकायंत्र सपाट ठेवा, सुई स्थिर होऊ द्या आणि दगड हळूच तिच्या टोकाजवळ न्या. सुई हलली तर दगडात लोखंड आहे. पण एवढ्याने तो अशनी ठरत नाही, मॅग्नेटाईट हे लोहखनिज आणि भट्टीची मळीही सुई हलवतात. आणि सुई नाही हलली म्हणून तो अशनी नाही असंही ठरत नाही, काही प्रकारांत धातू जवळजवळ नसतोच.

७. नेहमी फसवणारे

भट्टीतली मळी म्हणजे स्लॅग, हा पहिला नंबर. काळी, जड, वितळलेली दिसते, रस्त्याच्या आणि रुळांच्या भरावात वापरतात त्यामुळे कुठेही सापडते. फुटलेल्या बाजूला बुडबुडे किंवा काचेसारखी चमक बघा. मग हेमॅटाईट आणि मॅग्नेटाईट ही लोहखनिजं: आधीच बाद झालेला दगड असेल तर पांढऱ्या टाइलच्या मागच्या, ग्लेझ नसलेल्या बाजूवर घासून बघा, लालसर रेघ आली तर हेमॅटाईट, काळी आली तर मॅग्नेटाईट. ज्या दगडावर साल आहे असं वाटतंय त्यावर ही टेस्ट करू नका, ओरखडा पडतो. बाकी छिद्रांचा ज्वालामुखीचा दगड, सोनेरी चमकणारा पायराईट, हे थोडं बघितलं की ओळखता येतात.

८. खरे, पण वेगळे दिसणारे

काळी साल, राखाडी पोट हे पाठ झालं की उलट चूक व्हायला लागते, खरा दगड आपण टाकून देतो. कार्बनी अशनी आतूनही काळे आणि ठिसूळ असतात. इंग्लंडमध्ये २८ फेब्रुवारी २०२१ ला विंचकोम्ब इथे एका घराच्या दारासमोर असाच दगड पडून चुरा झाला, सकाळी दिसला तो नुसता काळ्या भुकटीचा ढीग, कुणीतरी कोळसा सांडावा तसा. घरच्यांनी हातमोजे घालून तो लगेच भरून ठेवला म्हणून वाचला. ऑस्ट्रेलियात मर्चिसनला १९६९ साली पडलेल्या दगडाला तर स्पिरिटसारखा वास येत असल्याचं लोकांनी सांगितलं होतं.

काहींची साल तुकतुकीत, काळ्या वार्निशसारखी चमकते. मोरोक्कोत २०११ मध्ये पडलेला मंगळावरचा टिसिंट तसा आहे. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ऑब्राईट नावाचे फिकट दगडी अशनी. बर्लिनजवळ रिबेकला २१ जानेवारी २०२४ ला पडलेले तुकडे काळे नव्हतेच, त्यांची साल पारदर्शक काचेसारखी, आत पांढरट-राखाडी, शेतातल्या साध्या दगडांसारखेच दिसणारे, त्यामुळे नेमकं कुठे शोधायचं हे माहीत असूनही ते नजरेतून सुटत होते. तेव्हा अग्निगोलाच्या मार्गाखालीच शोधत असाल तर "वेगळा" दिसणारा कुठलाही ताजा दगड फोटो काढून ठेवा.

९. उचलायचा कसा

आधी फोटो. दगड जागेवर असतानाच, शेजारी मोजपट्टी ठेवून, चारही बाजूंनी, आणि एक लांबून, आजूबाजूची जागा दिसेल असा. लोकेशन, तारीख, वेळ वहीत लिहा. जागा दुसऱ्याची असेल तर आधी परवानगी घ्या, मालकी कुणाची याचे कायदे देशादेशांत वेगळे आहेत, ते बघूनच पुढचं ठरवा.

मग हातमोजे घालून किंवा फॉइलनेच धरून उचला, फॉइलमध्ये गुंडाळा, कोऱ्या पिशवीत ठेवा. धुवायचं नाही, पुसायचं नाही, त्यावर पेनाने लिहायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही. ओला असेल तर पिशवी लगेच बंद करू नका, कोरड्या सावलीत स्वच्छ फॉइलवर सुकू द्या. खळग्यातली थोडी माती वेगळ्या पिशवीत घ्या, दगडात मातीतलं काय शिरलंय हे ताडून बघायला ती लागते.

१०. कुणाला दाखवायचा आणि किती लवकर

जवळच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, देशाची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय, यापैकी जे हाताशी असेल त्यांना आधी फोटो पाठवा. फोटो उजेडात, सावलीच्या बाजूला, फ्लॅशशिवाय, फोकस सालीवर, आणि एक फुटलेल्या कडेचा अगदी जवळून. धूसर फोटोवरून कुणीच काही सांगू शकत नाही.

लवकर अशासाठी की अवकाशातल्या किरणांमुळे दगडात काही किरणोत्सारी मूलद्रव्यं तयार झालेली असतात आणि ती रोज कमी होत असतात. व्हॅनेडियम-४८ सोळा दिवसांत निम्मं होतं, कोबाल्ट-५६ सुमारे ७७ दिवसांत. दगड खरंच ताजा पडलाय याचा हा पक्का पुरावा, पण तो कपाटात ठेवून संपवायचा नसतो. खरा निघाला तर मिटिऑरिटिकल सोसायटी या अशनी अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची समिती त्याला नाव देते, जिथे सापडला त्या जागेचंच, आणि त्यासाठी एकूण वजनाचा पाचवा हिस्सा किंवा २० ग्रॅम, जे कमी असेल तेवढा नमुना एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहालयाकडे किंवा संशोधन संस्थेकडे कायमचा ठेवावा लागतो.

आणि एक सापडला की तिथेच थांबू नका. दगड हवेत फुटला तर तुकडे लांबट पट्ट्यात पसरतात, जड तुकडे पुढे जातात आणि हलके अलीकडे पडतात, वाऱ्याने थोडे बाजूलाही सरकतात. सुदानच्या वाळवंटात २००८ साली पडलेल्या अल्महाता सित्ताचे शेकडो तुकडे विद्यार्थ्यांनी ओळीने चालत चालत गोळा केले. चार-पाच जणांना सोबत घ्या, हातभर अंतर सोडून एका रांगेत चाला, प्रत्येक तुकड्याला वेगळी पिशवी आणि वेगळं लोकेशन. पावसाचा अंदाज असेल तर उद्यावर ढकलू नका.